बायबलातल्या नावांचे अर्थ छातीठोकपणे कसे सांगावेत

साहित्य: जुना करार असलेलं एक मराठी बायबल, एक पेन्सिल आणि खणखणीत आवाज. हिब्रू येत नसेल तर उत्तमच. येत असेल तर थोडं जड जाईल, कारण व्याकरण आड येतं, आणि खुद्द बायबलातली मंडळी नावाचा अर्थ सांगताना व्याकरणाला फारसं विचारत नाहीत.

हा अभ्यासक्रम पुरा केल्यावर तुम्ही कुठल्याही बारशात, बाप्तिस्म्यात किंवा पंगतीत ‘दानीएल म्हणजे काय, माहितीये का?’ अशी सुरुवात करू शकाल. ती करावी की नाही, हा वेगळा विषय आहे आणि तो या अभ्यासक्रमात नाही.

पायरी पहिली: देव कुठे लपलाय ते शोधा

पुष्कळशी हिब्रू नावं म्हणजे एकेक छोटं वाक्य असतं आणि त्या वाक्याचा कर्ता बहुधा देव असतो. तो दोन वेशांत येतो. एक ‘एल’, म्हणजे देव. दुसरा ‘याह’, ‘याहू’, ‘यहो’ किंवा ‘यो’. ही सगळी यहोवा या नावाची आखूड रूपं. (शम्मी कपूरचा ‘याहू’ वेगळा. गोंधळ नको.) नावाच्या आगेमागे यातलं काही दिसलं की पेन्सिलीने खूण करा आणि उरलेल्या भागाकडे वळा.

दानीएल: देव माझा न्यायाधीश. जखऱ्या: याहने आठवण ठेवली. यशया: याह तारतो. मीखाएल: देवासारखा कोण? हे शेवटचं नाव म्हणजे सरळ प्रश्नच आहे, पण त्याचं उत्तर द्यायला जाऊ नका. नथनेल म्हणजे देवाने दिलेला, आपला देवदत्त. हेच तुकडे रेल्वेच्या डब्यांसारखे पुढचे मागे जोडा, एलनाथान तयार. ‘एल’ काढून ‘यो’ लावा, योनाथान. ‘या’ शेवटी न्या, नथन्या. आणि त्याचंच पूर्ण रूप नेतन्याहू, जे हल्ली रोज पेपरात येतं. चार माणसं, चार जन्मदाखले, अर्थ एकच. एलीया (‘माझा देव याह’) आणि योएल (‘याह हाच देव’) या दोघांत तर दोन्ही तुकडे तेच आहेत, फक्त जागा बदलल्यात.

दिलं, ऐकलं, आठवलं, तारलं, उभं केलं, कृपा केली, एवढी सहा क्रियापदं पाठ केलीत तरी निम्मा जुना करार तुमच्या खिशात. ‘कृपा केली’वाला योहानान तर जगभर फिरून आला: ग्रीकांनी त्याचा योआनेस केला, मग इंग्रजीत जॉन, जर्मनीत हान्स, फ्रान्सात ज्याँ, आयर्लंडात शॉन, रशियात इव्हान, आणि वसईच्या वाड्यांवर पोर्तुगीजांच्या हातून आलेला जुआंव. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी मुलाचं नाव ‘इव्हान’ ठेवल्याचं सांगितलं की ‘अरे वा, कृपा!’ एवढंच म्हणा आणि पेढा घ्या.

आता सावधगिरीची सूचना. ‘एल’ दिसला म्हणजे देव भेटलाच असं नाही. हाबेलमध्ये देव नाही. तो शब्द ‘हेवेल’, म्हणजे वाफ, फुंकर, क्षणभर टिकणारं काही. भावाने शेतात नेऊन मारलेल्या माणसाला याहून नेमकं नाव मिळालं नसतं. राहेलमध्येही देव नाही, ती मेंढी आहे. नवशिक्यांची दांडी हमखास गुल करणारं नाव म्हणजे याएल. आधी ‘या’, मग ‘एल’; बघताक्षणी वाटतं, दोन्ही देव एकाच नावात! प्रत्यक्षात हिब्रू लिपीत ते वेगळ्याच अक्षरांनी लिहितात आणि त्याचा अर्थ डोंगरी बकरी. या बकरीने सीसरा नावाच्या सेनापतीला तंबूत दूध पाजून झोपवलं आणि त्याच्या कानशिलात मेख ठोकली. तेव्हा याएलचा अर्थ सांगताना आवाज थोडा खाली ठेवलेला बरा.

पायरी दुसरी: जनावरं मोजा

देव सापडला नाही तर गोठा तपासा. दबोरा मधमाशी. योना कबूतर. कालेब हा शब्द कुत्र्याच्या शब्दाला अगदी चिकटून आहे. यहोशवाचा बाप नून, म्हणजे मासा. शखेमचा बाप हमोर, म्हणजे गाढव, आणि अम्मोन्यांचा राजा नाहाश, म्हणजे साप. हे दोघे परके असल्यामुळे इथे लेखकाला मजा वाटली असेल असा संशय घ्यायला जागा आहे. पण घरच्यांचीही सुटका नाही. बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्यांची जी यादी एज्राच्या पुस्तकात आहे तिची सुरुवातच परोशाच्या वंशजांनी होते, संख्या 2,172. परोश म्हणजे पिसू.

सरावासाठी एक प्रसंग घ्या. यहूदाचा राजा योशीया, त्याच्या कारकिर्दीचं अठरावं वर्ष, म्हणजे इसवी सनापूर्वी 622 च्या सुमारास. यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असताना याजकाला नियमशास्त्राची एक गुंडाळी सापडते. राजाचा चिटणीस शाफान ती राजाला वाचून दाखवतो. राजा कपडे फाडतो आणि देवाचं म्हणणं काय ते विचारायला शिष्टमंडळ पाठवतो. त्यात शाफान असतो, अखबोर असतो आणि ते जातात हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे. आता अर्थ लावा. शाफान म्हणजे खडकांच्या खबदाडात राहणारा, सशाएवढा, शेपटी नसलेला एक प्राणी. अखबोर म्हणजे उंदीर. हुल्दा म्हणजे बिळात राहणारं एक जनावर. ते घुशीच्या बाजूचं की मुंगसाच्या, यावर कोशकारांचं एकमत नाही. म्हणजे राज्याचं भवितव्य ठरवायला खडकातला एक आणि उंदीर एक असे दोघे बिळातलीकडे गेले. आणि पुस्तक वाचणाऱ्या कुणालाही यात हसण्यासारखं काही वाटलेलं नाही. नावाची सवय झाली की त्यातलं जनावर मरतं.

हा शाफान कथेतलाच प्राणी असेल असं वाटत असेल तर एक गोष्ट डोळ्यांसमोर आणा. 1982 साली यरुशलेमच्या ‘दावीदनगर’ भागातल्या उत्खननात मातीच्या पन्नासेक चिमुकल्या मोहरा एकाच घरात सापडल्या. प्रत्येक मोहर नखाएवढी. कागदपत्राला दोरी बांधून गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा आणि त्यावर मुद्रा उठवायची, अशी पद्धत होती. इसवी सनापूर्वी 586 मध्ये बाबिलोनी सैन्याने शहर जाळलं, पपायरसचे कागद राख झाले आणि त्याच आगीत माती भाजून पक्की झाली. त्यातल्या एका मोहरेवर लिहिलंय ‘गमऱ्याहू, शाफानाचा मुलगा’. यिर्मयाच्या पुस्तकाच्या 36व्या अध्यायात नेमका हाच गमऱ्या, चिटणीस शाफानाचा मुलगा, मंदिरातल्या आपल्या खोलीसह हजर आहे. बापाचं नाव रानातलं, मुलाच्या नावात ‘याहू’. घर दरबारी होतं, नावं सुधारत चालली होती.

पायरी तिसरी: आईला विचारा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, इथे घाई करू नका. इतर देशांत नावाचा अर्थ कोशात मिळतो. उत्पत्तीच्या पुस्तकात तो बाळंतिणीच्या खोलीत मिळतो, आणि त्या खोलीतलं वातावरण काही फार गोड नसतं.

याकोबाच्या दोन बायका, लेआ आणि राहेल, सख्ख्या बहिणी. नवऱ्याचं प्रेम धाकटीवर, मुलं होतात थोरलीला. पहिला मुलगा रऊबेन. शब्द फोडला तर सरळ निघतो ‘बघा, मुलगा!’ पेढे वाटताना ओरडावं तसं. पण लेआ स्वतः अर्थ सांगते तो वेगळाच: देवाने माझे हाल पाहिले, आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करील. नवरा करत नाही. दुसरा शिमोन: मी नावडती आहे हे देवाने ऐकलं. तिसरा लेवी: आता तरी नवरा मला जडून राहील. तीन मुलगे झाले आणि तिन्ही नावांचा पत्ता एकच, नवऱ्याचा तंबू. चौथ्या वेळी, यहूदाच्या वेळी, ती नवऱ्याचा विषयच काढत नाही. या खेपेला देवाची स्तुती करते म्हणते आणि तिचं बाळंतपण थांबतं. ज्या मुलाच्या नावात कुणाकडे काही मागितलेलं नाही, त्याच्याच नावावरून पुढे यहूदी हा शब्द आला.

आता धाकटीची पाळी. राहेल आपल्या दासीकडून मुलं मिळवते आणि नावं मात्र स्वतः ठेवते. दान: देवाने माझा न्याय केला. नफताली: मी बहिणीशी कुस्ती केली आणि जिंकले. एका तान्ह्या पोराला आयुष्यभर ‘मावशीला पाडलं’ असं नाव घेऊन हिंडावं लागलं, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. मग लेआ आपली दासी पुढे करते, गाद आणि आशेर, म्हणजे नशीब आणि आनंद. हा आनंद कोणाला दाखवण्यासाठी होता ते सांगायला नको. पुढे रऊबेनला शेतात मँड्रेकची फळं सापडतात, मूल होण्यासाठी गुणकारी मानलेली. राहेल ती मागते, फळांच्या बदल्यात नवऱ्याची एक रात्र लेआला देऊ करते; लेआ संध्याकाळी शेतावरून येणाऱ्या याकोबाला वाटेतच गाठते आणि मी तुला भाड्याने घेतलंय असं तोंडावर सांगते. त्या रात्रीचा मुलगा इस्साखार. त्या नावात ‘साखार’ आहे, म्हणजे मजुरी, भाडं.

शेवटी राहेलला मुलगा होतो, योसेफ. लगेच ती देवाकडे आणखी एक मागते, कारण ‘योसेफ’मध्ये ‘आणखी दे’ आहे. आणखी एक मिळतो. त्या बाळंतपणात ती वाटेवरच मरते आणि मरता मरता त्याचं नाव ठेवते बेन-ओनी, माझ्या दुःखाचा मुलगा. इथे बाप पहिल्यांदाच मध्ये पडतो आणि नाव बदलतो: बन्यामीन, उजव्या हाताचा मुलगा.

मुलांच्या या यादीत दीना नावाची एक मुलगीही आहे. तिच्या नावाचा अर्थ सांगायची तसदी कुणीही घेतलेली नाही. बारशात विचारलं तर सांगा, ‘दान’च्याच धातूतलं, न्यायाशी संबंधित. पुढे तिला न्याय मिळतो का हे मात्र बारशात सांगू नका.

पायरी चौथी: व्याकरणवाल्याला बाहेर बसवा

तुमच्या श्रोत्यांत एखादा हिब्रू शिकलेला निघेल. तो हात वर करील आणि शमुवेलाचं नाव घेईल. हन्नाने देवाकडे मूल मागितलं, मिळालं आणि ‘मी याला मागून घेतलं’ म्हणून त्याचं नाव शमुवेल ठेवलं, असं पहिल्या शमुवेलात आहे. अडचण अशी की हिब्रूत ‘मागितलेला’ म्हणजे ‘शाऊल’. शमुवेलात ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ आहे, मागणं नाही. पुढे मूल देवाला अर्पण करताना हन्नाच्या तोंडी अक्षरशः ‘शाऊल’ हा शब्द येतो. शाऊल म्हणजे इस्राएलचा पहिला राजा, ज्याला हाच शमुवेल आधी गादीवर बसवतो आणि नंतर देवाने तुला टाकलंय असं सुनावतो. दोघांच्या गोष्टी कुठे तरी एकमेकांत मिसळल्या असाव्यात असं काही अभ्यासक म्हणतात. काही म्हणतात, लेखकाने मुद्दामच काडी घातलीय. मला दुसरं पटतं.

मोशेचंही तसंच. फारोची मुलगी त्याला नदीतून काढते आणि मी याला पाण्यातून ओढून काढलं म्हणून मोशे, असं हिब्रू क्रियापद लावून समजावते. मिसरची राजकन्या, गुलामांच्या भाषेत, उत्स्फूर्त कोटी! इकडे मिसरी भाषेत ‘मोस’ म्हणजे ‘जन्मलेला’. थुतमोस, रामोस अशी तिथल्या मोठमोठ्यांची नावं होतीच. आणि हिब्रू रूप बघितलं तर ‘मोशे’ म्हणजे ओढून काढलेला होत नाही, ओढून काढणारा होतो. व्याकरणवाल्याला ही चूक वाटते. ज्याला त्याचं पुढचं आयुष्य ठाऊक आहे त्याला वाटत नाही.

नाबाल हे नाव मात्र सांभाळून वापरा. कर्मेलचा हा श्रीमंत मेंढपाळ दावीदाच्या माणसांना जेवण नाकारतो, आणि त्याची बायको अबीगईल गाढवांवर भाकरी, द्राक्षारस, मेंढरं, मनुका लादून दावीदाला सामोरी जाते. तिथे ती नवऱ्याची बाजू कशी मांडते? सांगते की त्याला मनावर घेऊ नका, नावाप्रमाणेच आहे तो; नाबाल म्हणजे मूर्ख. कुठल्या आईने पोराचं नाव ‘मूर्ख’ ठेवलं असेल? मुळात त्या नावाचा अर्थ दुसराही काही असू शकेल. पण बायकोने भर रस्त्यात लावलेला अर्थच तीन हजार वर्षं टिकला. दहा दिवसांत नवरा मेला आणि अबीगईलने दावीदाशी लग्न केलं, हे सांगून विषय संपवा.

पायरी पाचवी: खाडाखोड ओळखा

शाऊलाच्या एका मुलाचं नाव ईशबोशेथ. बोशेथ म्हणजे लाज. शाऊलाचाच दुसरा मुलगा योनाथान, त्याच्या लंगड्या मुलाचं नाव मफीबोशेथ. पुन्हा लाज. एकाच घरात दोन पिढ्या लाजेची हौस कशी, असा प्रश्न पडला तर तुम्ही शिकताय. आता पहिल्या इतिहासाच्या पुस्तकातली वंशावळ उघडा: तिथे हेच दोघे एशबाल आणि मरीबबाल आहेत. ‘बाल’ म्हणजे धनी, मालक. एके काळी हा शब्द यहोवालाही लागत असावा, पण पुढे तो कनानी देवाच्या नावाने इतका बदनाम झाला की नकलकारांनी तो खोडून तिथे ‘लाज’ लिहिली. गंमत म्हणजे खोडलं ते जुन्या पुस्तकात, नंतरच्या पुस्तकात मूळ नाव तसंच राहून गेलं. शोमरोनात 1910 साली सापडलेल्या खापरांवरच्या हिशेबांत ‘याह’वाली आणि ‘बाल’वाली नावं शेजारी शेजारी नांदताना दिसतात, तेल आणि द्राक्षारसाच्या पावत्यांना धर्माशी देणंघेणं नव्हतं. आणि 2015 साली खिर्बेत कियाफा इथल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या रांजणावरचं एक नाव वाचून प्रसिद्ध झालं: एशबाल. शाऊलाचा मुलगा नव्हे, कुणी दुसरा. पण नाव लाजेशिवाय, साबूत.

नाव बदलायचा अधिकार मात्र खरा जेत्याचा. फारो नखोने यहूदाच्या गादीवर एल्याकीमला बसवलं आणि त्याचं नाव यहोयाकीम केलं. अर्थ तोच, ‘देव उभा करील’, फक्त ‘एल’च्या जागी ‘यहो’. मिसरच्या राजाने यहोवाचं नाव घालावं यात भक्ती शोधू नका. मालक कोण ते कळलं की झालं.

संदेष्टे हे काम फुकटात आणि घरच्या पोरांवर करत. यशयाने एका मुलाचं नाव महेर-शालाल-हाश-बज ठेवलं, साक्षीदार बोलावून मोठ्या पाटीवर आधी लिहून: लूट घाईने येतेय, लुटारू धावतोय. होशेयाच्या मुलीचं नाव ‘दया न मिळालेली’ आणि तिच्या पाठच्या मुलाचं ‘माझे लोक नव्हे’. या मुलांना खेळायला कोण हाक मारत असे, आणि हाक मारताना पूर्ण नाव घेत असे का, याबद्दल बायबल गप्प आहे.

कोकणपट्टीसाठी वेगळी सूचना

रायगडात राहत असाल तर ही नावं तुमच्या आसपास केव्हाच वावरून गेली आहेत, फक्त ‘जी’ लावून. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत त्या बेने इस्राएलांनी, म्हणजे कोकणातल्या यहूद्यांनी, शमुवेलाचा सामाजी केला, अब्राहामाचा आबाजी, एलीयाचा एलोजी, यहेज्केलाचा हसाजी, आणि पुढे गावाचं आडनाव जोडलं: पेणकर, नवगावकर, केहिमकर. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर घरच्या बोलीत सामाजी हसाजी दिवेकर. त्यांच्याकडे नवस फेडायचा तो एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलीया संदेष्ट्याचा, पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा करून. त्याचा रथ अलिबागजवळून गेला अशी श्रद्धा आहे. ‘एलोजी’ हे नाव ऐकून तुम्ही पहिल्या पायरीनुसार ‘माझा देव याह’ असा अर्थ सांगितलात तर बरोबर येईल. नुसतं ‘आबाजी’ ऐकून सांगायला गेलात तर आधी आडनाव विचारा.

पायरी शेवटची: ज्यांना नावच नाही

इथे नवशिके हमखास अडकतात. नोहाची बायको, लोटाची बायको, इफ्ताहाची मुलगी, नावं दिलेलीच नाहीत. शमशोनाच्या आईचं तर पाहा. देवदूत येतो तो तिच्याकडे, दोनदा. नवरा मानोहा नंतर धावत येतो आणि दूताला त्याचं नाव विचारतो. दूत म्हणतो ते तुझ्या आवाक्यातलं नाही. यज्ञाच्या ज्वाळेतून दूत वर जातो, मानोहा घाबरून आता आपण मरणार म्हणतो आणि तीच त्याला सांगते की मारायचं असतं तर अर्पण घेतलं नसतं. मुलाचं नावही तीच ठेवते. शमशोनात ‘शेमेश’ आहे, सूर्य. का ठेवलं ते तिला कुणी विचारलेलं नाही. आख्ख्या अध्यायात शहाणी एकटी तीच, आणि ओळख काय, तर मानोहाची बायको.

तालमूदच्या रब्बींनाही ही जागा खुपली. बाबा बात्रा या ग्रंथात त्यांनी अशा काही आयांची नावं नोंदवली: अब्राहामाची, दावीदाची आणि शमशोनाचीही. मग स्वतःच विचारलं, ही नावं ठाऊक असून फरक काय पडतो? उत्तरही तिथेच आहे: विरोधकाने वाद काढला तर तोंड बंद ठेवायची वेळ येऊ नये म्हणून. म्हणजे पंगतीत उपयोगी पडावं म्हणून नाव पाठ करण्याला भक्कम आधार आहे. तर लिहून घ्या, शमशोनाची आई: त्सलेलपोनीत. दोनदा सावकाश म्हणून बघा, जीभ अडखळली तर चौथ्यांदा जमेल. अर्थ कुणी विचारलाच, तर वाढप्याला हाक मारून मठ्ठा मागवा.